सर्टिफिकेट रिन्यू झालं होतं, तरी साइट बंद

सकाळी उठलो तर फोनवर सात-आठ मेसेज, सगळ्यांचं एकच, तुझी साइट उघडली की लाल वॉर्निंग येतेय. बघितलं तर सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी, ठरावीक मुदतीची फाइल) रात्रीच एक्स्पायर झालेलं. मला पटेचना, कारण सर्टबॉट, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप आणणारा प्रोग्राम, लावून ठेवलेला होता आणि तो ३० दिवस उरले की आपणहून रिन्यू करतो.

तसं पहिलं सर्टिफिकेट मी हातानेच मागवलं होतं. सर्व्हरवर प्रायव्हेट की (गुप्त किल्लीची फाइल) बनवली, तिच्यावरून सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेट मागायचा अर्ज, आणि त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव टाकायचंच विसरलो, म्हणजे परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर साइट झकास उघडली पण मित्राच्या फोनवर एरर, कारण मी फक्त माझं सर्टिफिकेट लावलेलं, मधल्या इंटरमीडिएटची साखळी (माझं सर्टिफिकेट ब्राउझरच्या भरवशाच्या संस्थेशी जोडणारी सर्टिफिकेटं) दिलीच नव्हती, लॅपटॉपच्या ब्राउझरने ती स्वतःच कुठून तरी मिळवली आणि मला वाटलं झालं काम. म्हणून कंटाळून लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे आलो, सर्टबॉट तिथूनच आणतो, ते फुकट आणि ९० दिवसांचं.

तर त्या सकाळी घाबरून मी आधी काय केलं, तर जबरदस्तीने रिन्यू मारलं. नवीन सर्टिफिकेट आलं, साइट तशीच. परत मारलं, तरी तशीच. मग आठवलं की त्याच नावांसाठी ७ दिवसांत ५च मिळतात, म्हटलं थांब बाबा, आधी बघ तरी.

सर्टबॉटचा लॉग उघडला तर रिन्यू महिन्यापूर्वीच झालं होतं! डिस्कवर तेव्हाची, अजून ६० दिवस शिल्लक असलेली फाइलही आरामात पडलेली. मग ओपनएसएसएल या टूलने थेट ४४३ पोर्टला (सर्व्हरचं https चं दार) जोडून विचारलं तर सर्व्हर जुनंच सर्टिफिकेट हातात ठेवतोय. एनजिनएक्स, म्हणजे माझा वेब सर्व्हर, सुरू होताना सर्टिफिकेट मेमरीत घेतो आणि नंतर फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो, आणि मी सर्टबॉट वेबरूटने चालवत होतो, म्हणजे तो साइटच्या फोल्डरात फक्त पडताळणीची फाइल ठेवतो, एनजिनएक्सला हात लावत नाही, त्यात रीलोड (फाइली परत वाच) आपणच सांगावं लागतं. रीलोड मारला, दोन सेकंदांत साइट चालू. दोन तासांची धावपळ एका ओळीसाठी 😅

मग डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे रिन्यू झालं की सर्टबॉट आपोआप चालवतो त्या कमांडमध्ये, ती रीलोडची ओळ टाकली. शिवाय एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती फाइल बघतच नाही, रोज पोर्टला जोडून तारीख वाचते आणि २० दिवसांच्या आत आली की मेल करते. १५ मार्च २०२९ पासून तर पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदतच ४७ दिवस होणार आहे, तेव्हा हाताने करायचा विचारही नको.

परवा त्या स्क्रिप्टचा पहिला मेल आला. एका जुन्या सबडोमेनचा, जे चालू आहे हेच मी विसरलो होतो.