बेसमेंटच्या खिडक्या: काचेच्या विटा की विनाइल?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या आमच्या घराच्या बेसमेंटला पाच खिडक्या आहेत आणि पाचही बदलायला झाल्यात. सध्या मी दादरला आई-बाबांकडे आले आहे. त्यामुळे कोटेशनं नवरा व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि त्यावरची चर्चा इथे जेवणाच्या टेबलावर होते. इमारतीतल्या दोघातिघांनी विचारलं की मुळात घराखाली खोली कशाला लागते, म्हणून आधी तेवढं सांगते.

तिकडे हिवाळ्यात जमीन काही फूट खोलवर गोठते. गोठलेली माती फुगते आणि पाया उथळ असेल तर भिंती उचलल्या जातात. म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तिथे वॉशिंग मशिन, पाण्याचा बंब, अडगळ ठेवायला जागा करतात. खिडक्या मात्र छताला लागून, बाहेरच्या हिरवळीच्या पातळीवर. आमच्या जुन्या खिडक्यांना लोखंडी चौकट, तीही काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली, आणि एकेरी काच. जानेवारीत काचेला आतून बर्फ धरतो, तो वितळला की पाणी खालच्या पट्टीवर साचतं. ती पट्टी आता नखाने खरवडली तरी गंजाचे पापुद्रे हातात येतात.

बाबांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम: "काचेच्या विटा लावा. चोराची भीती नाही, रंगरंगोटी नाही." मुंबईत जुन्या इमारतींच्या जिन्याला, दवाखान्याच्या पार्टिशनला असतात त्याच या विटा. दोन अर्धी भांडी वितळवून जोडावीत तशी ती आतून पोकळ असते, साधारण ३ ते ४ इंच जाड. उजेड भरपूर येतो, बाहेरून आतलं दिसत नाही. जुनी चौकट कापून काढायची आणि तयार पॅनेल सिमेंटमध्ये बसवायचं. फट नाही म्हणून वारा नाही, गंजायला लोखंड नाही. थंडी अडवण्यात मात्र ती साध्या दुहेरी काचेच्या खिडकीच्या आसपासच. विनाइल म्हणजे आपल्याकडे स्लायडिंगला वापरतात ते यूपीव्हीसी. त्यात दुहेरी काच, उष्णता परतवणारा, डोळ्यांना न दिसणारा लो-ई लेप आणि मध्ये आर्गॉन वायू घेतला तर उष्णता रोखण्यात ती विटांना मागे टाकते. पण तिची रबरी पट्टी आणि कडी कधीतरी झिजणार, आणि काचांमधलं सील गेलं की आत कायमचं धुकं.

आईचा प्रश्न वेगळा होता. "अगं, विटा लावल्यावर हवा कुठून येणार?" दादरच्या घरात वाढलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडेल, कारण आपल्याकडे ओल घालवायची म्हणजे खिडक्या सताड उघडायच्या. तिकडच्या उन्हाळ्यात बेसमेंटपुरतं हे उलटं होतं. बाहेरची दमट, गरम हवा आत आली की मातीआडच्या थंड भिंतींवर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. म्हणून जुलैत खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, चालवतात. कपडे धुतो त्या बाजूच्या विटांमध्ये मधोमध एक छोटी झडप बसवून मिळते, तेवढी पुरते.

इथपर्यंत बाबांचं पारडं जड होतं, आणि चार खिडक्यांपुरतं ते मलाही पटलंय. पाचवी खिडकी ज्या खोलीत आहे तिथे मात्र पुढच्या वर्षी आई-बाबा येऊन राहणार आहेत. त्यांच्यासाठी खाली बाथरूमसह खोली करायची ठरलीय. माणूस झोपणार म्हटलं की तिकडचे नियम बदलतात. रात्री जिन्याकडे आग लागली तर त्या खोलीतून थेट बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी खिडकी उघडल्यावर मोकळी जागा किमान ५ चौरस फूट हवी, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांहून वर नको. गंमत बघा, २० गुणिले २४ केलं तर जेमतेम ३.३ चौरस फूट भरतात, म्हणजे दोन्ही मापं किमान ठेवून चालतच नाही. पाठीवर हवेची टाकी घेतलेला अग्निशमन जवान आत येऊ शकला पाहिजे, हाही हिशेब त्यात आहे. विटांची भिंत उघडत नाही, तिथे तिचा विषयच संपतो.

तेव्हा तिथे काँक्रीट कापून मोठी विनाइलची खिडकी येणार. बाहेर माती अडवून किमान ९ चौरस फुटांचा मोकळा खड्डा, तो ४४ इंचांहून खोल गेला तर त्याला कायमची शिडी. पाचही विटांच्या करण्यापेक्षा हे बरंच महाग पडतंय. नवरा म्हणाला, आतली काही कामं पुढे ढकलू. मलाही तेच हवंय. ज्या खोलीतून आईला बाहेर पडता येणार नाही, तिथे मी तिला एक रात्रही झोपवणार नाही.

हे बाबांना समजावताना माझी नजर सारखी दादरच्या याच घरातल्या बेडरूमच्या खिडकीकडे जात होती. बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल, त्यात तुळशीच्या कुंड्या, वाळत घातलेली पायपुसणी, आणि उघडायला काहीही नाही. आग लागली की अशा ग्रिलमुळे सुटकेला अडथळा येतो, हे अग्निशमन दलाचे लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत. तिसरा मजला म्हणजे शिडी सहज पोचते. प्रश्न ग्रिलपाशीच अडतो. बाबा आधी म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही." आई म्हणाली, "तिकडे माझ्यासाठी काँक्रीट कापतायत, इथे दोन गज कापायला काय होतंय?"

ग्रिलवाला काल माप घेऊन गेला. माणूस निघेल एवढी झडप, आतून कडी. बाबांना कुलूप हवंच आहे, तर चावी खिडकीशेजारच्या खिळ्यावर राहील, कपाटात नाही, एवढं मी कबूल करून घेतलंय. कुंड्या दुसऱ्या खिडकीत जातील. तुमच्या घरच्या ग्रिलला झडप आहे का, आणि असली तर ती गंजून बसलेली नाही ना, हे आज एकदा उघडून बघा.