बांबू खाली टाका, काका

रेल्वेच्या तारेला वीज देणाऱ्या फीडरचा ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, उडाला, ऑटो-रिक्लोजने लगेच आपोआप लागला आणि धाडकन पुन्हा उडाला. मे महिना, दुपारचे साडेतीन, बाहेर वळवाचं वारं सुटलेलं. दुसऱ्यांदाही उडाला म्हणजे नुसती फांदी चाटून गेलेली नाही, तारेवर काहीतरी बसून आहे.

माझी ड्युटी जालना–परभणी पट्ट्यातल्या रेल्वेच्या ट्रॅक्शन उपकेंद्रात. १३२ केव्ही (किलोव्होल्ट) घ्यायचे आणि २५ केव्ही करून रुळांवरच्या तारेत सोडायचे, हे आमचं काम. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेवढ्या कमी दाबाला दर थोड्या किलोमीटरवर उपकेंद्र लागायचं. आता मुंबईच्या लोकलही २५ केव्ही एसीवर आहेत. आमच्याकडे दोन उपकेंद्रांत पन्नासेक किलोमीटरचं अंतर, म्हणून बिघाड शोधायचा पट्टाही लांबलचक.

बिघाड ओळखणाऱ्या रिलेने अंतर दाखवलं, अकरा किलोमीटरच्या आसपास. मी ते टीपीसीला, म्हणजे कंट्रोलमधल्या वीज नियंत्रकाला, कळवलं. मुंबईहून नांदेडकडे निघालेली तपोवन एक्सप्रेस परतूरच्या पुढे उभी राहिली होती. अशा वेळी कंट्रोलवाले पूर्ण पट्टा अंधारात ठेवत नाहीत. मधले इंटरप्टर, म्हणजे तारेचे तुकडे वेगळे करणारे स्विच, उघडून एकेक तुकडा चार्ज करून बघतात. ज्या तुकड्यावर ब्रेकर परत उडतो, तिथे बिघाड. ते सुरू होतंय तोवर एका फाटकावरच्या गेटमनचा फोन आला. टरबुजाच्या रानात वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक पेपर उडून खांबावरच्या इन्सुलेटरला गुंडाळला होता, आणि खाली एक म्हातारबा ओला बांबू घेऊन तो काढायला उभे होते.

मी टीपीसीच्या लाइनवर ओरडलोच, "तिथे माणूस आहे, चार्ज करू नका!" मग गेटमनला म्हणालो, पळत जा नि त्यांच्या हातात फोन दे.

"काका, बांबू खाली टाका."

"आवं साहेब, लाईट गेलीया. आत्ताच धडाका झाला, म्या डोळ्यानं बघितलं."

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे शेतीची लाईट एकदा गेली की तासन् तास येत नाही. डीपीचा फ्यूज उडाला तर वायरमनची वाट न बघता गावातलंच कोणीतरी तो टाकतं. जन्मभर हेच पाहिलेल्या माणसाला हाही त्यातलाच प्रकार वाटला. पण आमची तार गेली तरी क्षणात परत येऊ शकते, आणि ती सोडणारा माणूस कितीतरी लांब, स्क्रीनपुढे बसलेला असतो. त्याला तारांचा नकाशा दिसतो, खाली उभे असलेले काका दिसत नाहीत. शिवाय २५ हजार व्होल्टला हात लागायची गरज नसते. नुसतं जवळ गेलं तरी ते उडी मारतात.

बांबू पडला. गेटमनने काकांना फाटकापर्यंत आणल्याचं कळवल्यावर मी श्वास सोडला.

पुढचं काम नेहमीचं. प्रायव्हेट नंबरची, म्हणजे निरोप पक्का करणाऱ्या गुप्त आकड्यांची, देवाणघेवाण होऊन पॉवर ब्लॉक, म्हणजे वीज बंद ठेवून काम करायची परवानगी, मिळाला. आमच्या पोरांनी दोन्ही बाजूंना तार रुळाला जोडणारे डिस्चार्ज रॉड लावले, आधी रुळाला क्लॅम्प, मगच तारेला आकडा. तारेपर्यंत चढायची टॉवर वॅगन आली, पेपर निघाला, इन्सुलेटर पुसून झाला. तपोवन उशिराने का होईना, हलली.

मीही तिथे पोचलो होतो, आणि काका शेवटपर्यंत थांबले होते. काम चालू असतानाच ते मला म्हणाले, "मंग बंद झाली आसं कवा समजायचं?" मी रुळाला लावलेले रॉड दाखवले आणि सांगितलं, ते लागेपर्यंत आम्हीसुद्धा तारेला चालूच समजतो.

आता वळवाच्या आधी आम्ही रुळालगतच्या गावांत जाऊन बसतो. मल्चिंगच्या कडा मातीत नीट दाबा, शेडनेट घट्ट बांधा, आणि तारेवर काही अडकलंच तर गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला सांगा. परवा एका पारावर हे समजावून सांगायला तेच काका सोबत होते, आणि लोक माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकत होते.