पीझेम मीटर: २३२.३ व्होल्टला पोर्ट का अडकत होता ते सापडलं!

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं बघा, ओपोस्ट (बाहेर जाणाऱ्या बाइटमध्ये लिनक्स फेरफार करतं ते सेटिंग) बंद केल्यावर रिक्वेस्टमधल्या ०ए च्या आधी घुसणारा ०डी (हे हेक्समधले बाइट) गेला आणि पीझेम-००४टी (व्होल्टेज मोजून सीरियल पोर्टवर सांगणारा मीटर) बोलायला लागला, पण अधूनमधून सीआरसी (उत्तर शाबूत आलं का ते तपासणारा आकडा) एरर यायचे आणि रात्री कधीतरी लॉगच बंद पडायचा. तीन आठवडे त्याच्याच मागे होतो.

आमच्याकडे शेतपंपांची लाइट आली की व्होल्टेज २४० वरून उतरतं आणि नेमकं तेव्हाच हे व्हायचं, त्यामुळे पंपांचा नॉइज असणार असंच धरून चाललो होतो. फेराइट (नॉइज शोषणारं कडं) लावलं, शिल्डेड वायर टाकली, यूएसबी-सीरियल अडॅप्टर सीएच३४० काढून सीपी२१०२ लावला (तो मला तसाही जास्त भरवशाचा वाटतो), ढिम्म फरक नाही. आणि पायसीरियलने (पायथनची सीरियल लायब्ररी) वाचलं की सगळं ठीक, त्यानंतर माझा सी मधला प्रोग्रामही ठीक, रास्पबेरी पाय रीबूट केला की परत तेच.

काल रात्री फेल झालेली फ्रेम (मीटरचं एक पूर्ण उत्तर) हेक्समध्ये छापली. २५ च्या २५ बाइट हजर, व्होल्टेजच्या जागी ०९ ०ए, म्हणजे साध्या आकड्यात २३१४, व्होल्टचे दहावे भाग, म्हणून २३१.४. मल्टीमीटरवर २३१.७ होते, म्हणजे ०९ ०डी. ०ए काढून ०डी घातला, सीआरसी परत काढला, जुळला! खुर्चीतून उठलोच.

मी आयकॅनन, एको, आयसिग (ओळीओळीने वाचणं, आलेलं परत पाठवणं, कंट्रोल-सी सारखे सिग्नल) हे पोर्टचे फ्लॅग बंद केले होते, इनपुटचे फ्लॅग बघितलेच नव्हते. लिनक्समध्ये आयसीआरएनएल आणि आयएक्सऑन आधीपासून चालू असतात. पहिला ०डी चा ०ए करतो, दुसरा ११ आणि १३ गिळतो, वर १३ आला की आपलं पाठवणंच थांबवतो. २३२.१ म्हणजे ०९ ११, एक बाइट कमी, टाइमआउट. २३२.३ म्हणजे ०९ १३, पुढची रिक्वेस्ट बाहेरच पडत नाही, मग मीटर उत्तर कशाला देईल, आणि सोडवणारा ११ येणार कुठून? पायसीरियल हे फ्लॅग काढतं आणि बंद होताना परत लावत नाही, म्हणून त्याच्यामागून माझंही चालायचं.

आता सीएफमेकरॉ (हे सगळे फेरफार एकदम बंद करणारं फंक्शन) टाकलंय, रात्रभर एकही एरर नाही.

पुढे ग्राफ करणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं म्हणून टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) एकमेकींना जोडून जुन्या सेटिंगवर ०० पासून एकेक बाइट पाठवून बघितला: ०डी चा ०ए आला, ११ गायब, १३ नंतर सगळं ठप्प. दोन मिनिटांचं काम! त्यामुळे ग्राफ थांबला, आधी ही टेस्ट प्रोग्राममध्येच घालतो, मग पंपाच्या फेजवर दुसरा मीटर.