कोअर शॉपमधली चुंबळ आणि रजिस्टरातले नाव

कारखान्यात नवी कल्पना कोणाला सुचते, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ती सुचल्यानंतर कोणाच्या नावावर चढते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभाग सांभाळताना मला या दुसऱ्या प्रश्नाचेच महत्त्व अधिक जाणवत गेले आहे. आमच्याकडे सुधारणा सुचवण्यासाठी छापील फॉर्म आहे, तो इंग्रजीत आहे, आणि त्यातील पदाचा रकाना भरताना कोअर शॉपमधील, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे आकार बनवणाऱ्या विभागातील, बायकांचा हात अडतो, कारण हजेरीपटावर त्यांची नोंद कंत्राटी कामगार एवढीच आहे.

फाउंड्रीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. ओतकामात जो भाग आतून पोकळ हवा असतो, तिथे वाळूचा एक आकार साच्यात बसवतात, तो कोअर. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचा कोअर बारीक, वाकडातिकडा आणि नाजूक असतो. तो सपाट ट्रेमध्ये ठेवला की दोनच ठिकाणी टेकतो, मधल्या भागावर ताण येतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. ती चीर कळते थेट कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, कापून पाहिल्यावर. असा माल बाद होण्यावर आमच्याकडे बैठका झाल्या, वाळू धरून ठेवणाऱ्या रेझिनचे प्रमाण बदलून पाहिले, नव्या ट्रेसाठी कोटेशनही मागवले. दरम्यान खानापूर भागातून येणाऱ्या एका मावशींनी जुन्या साडीच्या पट्ट्या वळून लहान लहान चुंबळी केल्या आणि कोअर त्यांवर ठेवायला सुरुवात केली होती. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, रिकामी घागर ठेवायची तरी चुंबळ लागतीच की, आन ह्यो तर नुसता वाळूचा हाय." चिरा कमी झाल्या. महिन्याच्या अहवालात मात्र 'ट्रेच्या मांडणीत बदल' अशी ओळ आली आणि पुढे सुपरवायझरचे नाव होते. त्यांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. बायकांनी कापड गुंडाळले, त्यात सुधारणा ती काय, असे त्यांना मनापासून वाटत होते.

या मनापासून वाटण्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वास्तूंचे तेच आराखडे काहींना पुरुष वास्तुरचनाकाराच्या नावाने आणि काहींना स्त्रीच्या नावाने दाखवले, तेव्हा पुरुषाच्या नावाचे आराखडे अधिक सर्जनशील ठरले. धाडस, एकट्याने चालणे, चाकोरी मोडणे हे गुण आपण पुरुषी समजतो आणि सर्जनशीलतेची कल्पनाही त्याच गुणांवर बेतलेली असते, हा त्यांचा मुद्दा होता. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांत नोंदलेल्या संशोधकांपैकी स्त्रिया 17.7 टक्के होत्या. हा आकडा वाचताना, अर्जापर्यंत पोहोचण्याआधीच कोणाची नावे गळाली असतील, असा विचार माझ्या मनात येतोच.

आमच्याच जिल्ह्यातील अथणीचे उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूर हेही आहेत. कामाची परंपरागत वाटणी अशी, की कातडे कमावणे आणि तळ कापणे पुरुषांकडे, तर वरच्या पट्ट्यांची वेणी, वीण आणि नाजूक शिवण बहुतेक बायकांकडे. म्हणजे चपलेचे जे रूप पाहून गिऱ्हाईक थांबते, ते बायकांच्या बोटांतून उतरते. पण व्यापाऱ्याशी बोलणे, भाव ठरवणे, नवा नमुना मंजूर करून घेणे ही कामे उंबऱ्याबाहेरची म्हणून पुरुषांची. अथणीत पुढे बायकांचे बचत गट उभे राहिले आणि टोहोल्ड या नावाने कारागिरांनी स्वतः बाजार गाठला, तेव्हा ही वाटणी थोडी हलली. जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मांडल्या आणि श्रेयाचा वाद पेटला. तो योग्यच होता. परंतु त्या वादात देश, राज्य आणि ब्रँड यांची नावे जितकी ऐकू आली, तितका वेणी घालणाऱ्या बायकांचा उल्लेख माझ्या तरी कानांवर आला नाही.

संस्कृतीला सरसकट अडथळा म्हणणे मला पटत नाही. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून 1980 मध्ये जी मांडणी केली, तीत अधिकारातील अंतर मान्य करण्याच्या मापावर भारताचा अंक 77, म्हणजे बराच वरचा आहे. बैठकीत साहेबांसमोर कोणी तोंड उघडत नाही, हे पाहिले की तो अंक खरा वाटतो. पण तोच माणूस जेवणाच्या सुट्टीत फोरमनला 'मामा' म्हणून बाजूला घेतो आणि मशीनचे सगळे दुखणे सांगतो. आमच्या बायका एकमेकींना वहिनी, अक्का म्हणत, अर्धे मराठी अर्धे कानडी बोलत डबा खातात, त्या अर्ध्या तासात निघणाऱ्या युक्त्या आमच्या स्लाइडवर कधीच येत नाहीत. (सीमाप्रश्नावर हिरिरीने भांडणारे आमचे काही लोक कोअर शॉपमध्ये मात्र कानडीतून चेष्टा करतात, हेही नमूद करून ठेवते.)

तेव्हा मी बदल केले ते साधेच. सुधारणा-बैठक संध्याकाळी साडेपाचला असे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसचा प्रवास बायकांना मोफत झाल्याने खेड्यांतून येणे परवडू लागले आहे. पण बस तिच्या वेळेलाच सुटते, आणि ती चुकली की घरी चूल उशिरा पेटते. बैठक सकाळी, कोअर शॉपमध्येच उभ्याने घ्यायला लागल्यावर बायका बोलू लागल्या. बोलण्याची पाळी सर्वांत नव्या व्यक्तीपासून सुरू करायची, हा नियम अमेरिकेतील संशोधक अनिता वूली आणि सहकाऱ्यांच्या 2010 मधील अभ्यासावरून सुचला; ज्या गटांत बोलण्याची संधी समान वाटली जाते, ते गट एकत्रितपणे अधिक चांगले काम करतात, असे त्यांना आढळले होते. फॉर्म रद्द केला, आता मीच ऐकून मराठीत किंवा कानडीत लिहून घेते.

नावाचा प्रश्न मात्र मला वाटला तितका सरळ निघाला नाही. फलकावर मावशींचे नाव लावायचे ठरले, तेव्हा त्यांनीच हात जोडले. गावातील तिघेजण याच कारखान्यात आहेत, घरी उगाच बोलणे होईल, आणि चुंबळी वळायला बाकीच्या जणीही होत्या, असे त्यांचे म्हणणे पडले. पहिल्या कारणाने मला राग आला, दुसऱ्यापुढे मी निरुत्तर झाले, कारण कल्पना एकाच डोक्याची असते हेही आम्ही व्यवस्थापनाच्या वर्गांतून घोकलेले गृहीतच आहे. सध्या फलकावर 'कोअर शॉप' एवढेच लिहितो आणि बक्षिसाची रक्कम तिथल्या सगळ्याजणींत वाटतो. कार्यालयातील रजिस्टरात मात्र मी प्रत्येकीचे पूर्ण नाव आणि तारीख लिहिते, कारण कंत्राटातून कायम करण्याची यादी तयार होईल तेव्हा ठेकेदार फलक पाहणार नाही, कागद मागेल.