सेसनाची थरथर आणि माझं पहिलं प्रोपेलर बॅलन्सिंग

"सर, रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर पाय ठेवले की मुंग्या येतात," विमानातून उतरता उतरता विद्यार्थी म्हणाला. विमान सेसना १७२, दोन पात्यांच्या प्रोपेलरचं छोटं विमान. त्याच आठवड्यात खडा लागून एका पात्यावर पडलेली खाच मी कानशीने घासून गुळगुळीत केली होती. घासल्याने दोन पात्यांच्या वजनाचा तोल बिघडला असेल, दोष तिथेच असणार, असं मी धरून चाललो.

दोन्ही पात्यांची टोकं एकाच रेषेतून फिरतात का, ते आधी पाहिलं. फरक दीड मिलिमीटरच्या आत होता. मग इंजिनाच्या पुढच्या भागावर कंपन मोजणारा सेन्सर बसवला, पात्याच्या मागच्या बाजूला चमकणारी पट्टी चिकटवली. पहाटे वारा पडलेला असताना, चाकांना ठोकळे लावून २४०० आरपीएमवर (मिनिटाला २४०० फेऱ्या) रीडिंग घेतलं: ०.४६ आयपीएस, म्हणजे कंपनाचा वेग सेकंदाला ०.४६ इंच. ०.०७ च्या खाली आलं की आम्ही समाधान मानतो.

स्पिनरच्या, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीच्या, मागच्या तबकडीवर (बॅकप्लेटवर) चाचणीपुरते वॉशर लावून पुन्हा इंजिन चालवलं. यंत्राने वजन किती आणि कुठल्या कोनात लावायचं ते सांगितलं. १० ग्रॅमचं काय एवढं, असं वाटतं. पण मध्यापासून १५ सेंटिमीटरवरचे हे १० ग्रॅम या वेगाला जवळजवळ साडेनऊ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ती ओढ सेकंदाला ४० वेळा दिशा बदलते.

वजन लावलं, तर रीडिंग वाढून ०.७ च्या वर! अंगाला घाम फुटला. शांतपणे पुन्हा पाहिल्यावर चूक सापडली. कोन फिरण्याच्या उलट दिशेने मोजायचा होता. कॉकपिटमधून प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, समोरून बघताना उलटा. मी समोर उभा राहून घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे फिरण्याच्याच दिशेने, भोकं मोजली होती. वॉशर योग्य भोकात गेल्यावर रीडिंग ०.०६.

तरी विद्यार्थ्याचं म्हणणं तेच, "कमी झालंय, पण आहे."

आता मी यंत्राने काढलेल्या कंपनाच्या आलेखातला ४० हर्ट्झचा (सेकंदाला ४० वेळा, म्हणजे प्रोपेलरच्या वेगाचा) सुळका सोडून बाकीचं पाहिलं. २० हर्ट्झवर दुसरा उभा होता. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एखादा सिलिंडर कमी पडला की कंपन निम्म्या वेगावर उमटतं. प्रोपेलरला कितीही वॉशर लावले तरी ते जाणार नव्हतं. सुरुवातीलाच सगळा आलेख पाहिला असता, तर हे पहिल्या रीडिंगमध्येच दिसलं असतं.

सिलिंडरमध्ये इंधन सोडणारे चारही इंजेक्टर नॉझल सिलिंडरमधून काढले, नळ्यांना जोडलेलेच ठेवून त्यांच्याखाली चार सारख्या काचेच्या बाटल्या धरल्या आणि पंप चालवला. तिसरीतलं निळसर एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली राहिलं. तो नॉझल द्रावणात भिजवून ठेवला. भोक मोठं होऊ नये म्हणून तार घालायची नसते.

सकाळी चारही बाटल्या एका रेषेत भरल्या. काउल (इंजिनावरचं झाकण) लावून जमिनीवरच पुन्हा इंजिन चालवून पाहिलं. २० हर्ट्झचा सुळका बसला होता आणि ०.०६ तसंच होतं. वॉशर किती आणि कुठल्या भोकात ते लॉगबुकमध्ये लिहिलं आणि विमान उड्डाणाला सोडलं.