तयार मॉडेल नको, अर्धवट दाखवा

"एवढ्या वर्षांनी पुन्हा प्लास्टिक मॉडेलचं किट उघडलंस, आणि रोज रात्री त्या उस्ताद लोकांची मॉडेलं बघत बसतेस. मग स्वतःचं काम बघून धीर खचत नाही का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहूनच टाकते.

खचतो. सुरुवातीला तर साफ खचला होता.

शाळेत असताना मी 1/72 ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, विमानं जोडायचे. ट्यूबमधला गोंद, दोन ब्रश आणि जे रंग हाताला लागतील ते. मग अभ्यास, नोकरी, संसार. वीसेक वर्षांनी परत बसले तेव्हा जवळचं बघायला चष्मा लागला होता, आणि तेवढ्या काळात छंद कुठल्या कुठे गेला होता. पहिलं विमान मोठ्या कष्टाने पुरं केलं. पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत जोडाची फट स्पष्ट दिसत होती, तरी मी खूश. त्याच संध्याकाळी मी यंग पार्क यांचं मस्टँग लढाऊ विमान बघितलं. होनोलुलूचे हे निवृत्त दंतवैद्य. 1/16 स्केल, आणि प्लास्टिक नाहीच. सगळं ॲल्युमिनियमचं, हाताने घडवलेलं. पाठोपाठ लुका याकोनी-स्टुअर्टचं बोइंग 777 दिसलं. तेही एअर इंडियाच्या रंगातलं, 1/60 चं आणि कशाचं, तर फायलींच्या पिवळसर पुठ्ठ्याचं! हा मुलगा 2008 साली शाळेत असताना ते करायला बसला आणि पुढे वर्षानुवर्षं त्यातच राहिला. दारं उघडतात, चाकं आत जातात. मी माझं विमान कपाटात ठेवलं आणि पंधरा दिवस टेबलाकडे फिरकले नाही.

परत वळवलं तेही त्याच पुठ्ठ्याच्या विमानाने. मनासारखे न उतरलेले भाग त्याने सरळ टाकून दिले होते आणि पुन्हा पहिल्यापासून केले होते, हे वाचलं आणि माझी बघायची सवयच बदलली. आता मी कोणाचंही तयार मॉडेल आधी बघत नाही. मधले फोटो शोधते, आणि बहुतेक उस्ताद ते दाखवतातही. राखाडी प्लास्टिक, कुठे पांढऱ्या प्लास्टिक शीटचं ठिगळ, पुट्टीचे वेडेवाकडे लपके, पंखावर पेन्सिलच्या खुणा. प्रायमर बसेपर्यंत त्यांचं विमान आणि माझं विमान सख्खी भावंडं वाटतात. फरक पुढे पडतो हे खरं, पण नेमका कुठे पडतो ते त्या फोटोंत सापडतं.

ती पाठीवरची फटच घ्या. लहानपणी मी गोंद लावून दोन भाग दाबायचे आणि बाहेर आलेला गोंद लगेच बोटाने पुसायचे. त्या पुसण्यातच सगळं बिघडायचं. मुरलेला माणूस काय करतो? पातळ सॉल्व्हंट गोंद दोन्ही कडांना लावतो, क्षणभर थांबतो आणि हळूच दाबतो. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवतो. त्यामुळे जोडातून मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी वर येते. दिसायला अगदी घाण. तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती कडक झाली की पॉलिश पेपरने, आधी जरा खरखरीत मग बारीक, घासून सपाट करायची. फट उरतच नाही, कारण तिथे आता एकच सलग प्लास्टिक असतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा जोडावरून नख फिरवून बघितलं. अडकलं नाही. मग उगाचच आणखी चार वेळा फिरवलं.

असंच कॅनोपीचं, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेचं. ती पारदर्शक काच मी झटपट म्हणून सुपरग्लूने लावली आणि सकाळी बघते तर आतून पांढरं धुकं धरलेलं. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. वैमानिक बिचारा कायमचा ढगात. नंतर एका जुन्या जाणत्याचं काम बघताना कळलं की पारदर्शक भागांना साधा पांढरा गोंद लावतात, शाळेत कागद चिकटवायला वापरतो तसलाच. वाळला की दिसतही नाही.

आणि चुका तर भल्याभल्यांच्या होतात. किट बनवणाऱ्या जपानी तामिया कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी 1/12 च्या किटसाठी खरीखुरी पॉर्श 911 विकत घेतली आणि स्क्रू न् स्क्रू सुटा केला. मग ती गाडी काही परत जोडता येईना. जोडायला पॉर्शची माणसं बोलवावी लागली. माझ्या हातून एखादा भाग उलटा चिकटतो तेव्हा मला ही गोष्ट हमखास आठवते.

ज्यांच्याबद्दल मला खरा जिव्हाळा वाटतो ते शेप पेन. अमेरिकेतले, 2015 मध्ये गेले. 1970 च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटांमध्ये त्यांच्या डायोरामांची, म्हणजे मॉडेलं मांडून उभ्या केलेल्या देखाव्यांची, रंगीत पत्रकं येत. हे असं केलं, ते तसं केलं, सगळं सांगितलेलं, हातचं काही राखलेलं नाही. विद्या लपवून ठेवणारे उस्ताद मला कधीच भावले नाहीत.

वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेल वापरून मळलेलं-झिजलेलं दाखवण्याच्या बाबतीत मात्र मी उस्तादांचंही सगळं ऐकत नाही. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांनी गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि वरून फिकं ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवणं) असं रूढ केलं, तेव्हा सगळं जग तसंच रंगवायला लागलं. आज तेच काम अनेकांना भडक वाटतं. मग मिग हिमेनेझ आणि बाकीची स्पॅनिश मंडळी आली, पिगमेंट म्हणजे रंगाच्या कोरड्या भुकट्या आल्या, फिल्टर म्हणजे अगदी पातळ रंगाचे थर आले, एकाच रंगाच्या उजळ-गडद छटा आल्या. सुंदर दिसतं, नाही कोण म्हणतंय? पण आघाडीवर गेल्यावर चार-सहा महिन्यांत भंगारात जाणारा रणगाडा पन्नास वर्षं पावसात उभा असल्यासारखा गंजवायचा, हे मला पटत नाही. ही फॅशनच आहे, आणि फॅशन बदलते हे कळल्यापासून दडपण बरंच उतरलं.

सध्या टेबलावर 1/35 चा एक रणगाडा आहे. परवा त्याच्या मडगार्डवर स्पंजने चिपिंग केलं, म्हणजे रंगाचे टवके उडालेत असं दाखवायचं. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात टेकवायचा, बहुतेक रंग कागदावर टिपून टाकायचा आणि उरलेला जेमतेम कडेला लावायचा. बघताना सोपं वाटलं होतं. मी टिपायचंच विसरले आणि मडगार्डला देवी आल्या. वर हिशोब केला तर आणखी वाईट वाटलं. 1/35 मध्ये एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा टवका. माझे काही ठिपके तर दोन मिलिमीटरचे होते.

मडगार्ड पुन्हा हिरवं केलंय, वाळतंय. देवी आलेल्या अवताराचा फोटो तेवढा आधीच काढून ठेवला. मॉडेल पुरं झालं की तोही बाकीच्यांबरोबर लावणार आहे.