बसभर माणसं, आणि सगळी गप्प

आज सकाळी खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये एक मुलगा कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगताना अडखळला. लगेच तीन-चार पोरं त्याची नक्कल करायला लागली. मग बॅग ओढणं, टपल्या. बस खच्चून भरलेली, आणि सगळे खिडकीबाहेर बघत होते.

ही माणसं निर्दयी नव्हती. जो तो शेजाऱ्याचं तोंड बघतो. तो गप्प आहे, म्हणजे पोरांची मस्करीच असेल. शिवाय कुणीतरी बोलेलच की! १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात इंटरकॉमवर एकाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला होता. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. माझ्या मते बसमध्ये भीतीही होती, पण तिच्याहून मोठी ही जबाबदारीची वाटणी होती.

मच्छेच्या अलीकडे भाजीची बुट्टी घेतलेल्या एक मावशी म्हणाल्या, "बाळा, हिकडं ये, माझ्याजवळ बस." पोरांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पण तेवढ्यानं कंडक्टर कन्नडमध्ये ओरडला, मागून दोघं बोलले, आणि पोरं गप्प झाली.

खानापूर लाइनवर रोज ये-जा करणारे इथं बरेच आहेत. असं दिसलं तर पोरांशी भांडायलाच हवं असं नाही. ज्याला छळतायत त्याला हाक मारा, शेजारी जागा द्या.